अर्धं दत्तक नको: कोल्हापूरच्या तालीम मंडळांना खुलं पत्र

कोल्हापुरातल्या सगळ्या पेठांमधल्या, कुस्तीबरोबर फुटबॉलचे संघही उतरवणाऱ्या तालीम मंडळांचे पदाधिकारी, वस्ताद मंडळी, फुटबॉलचे खेळाडू आणि गॅलरीत घसा फोडून ओरडणारे माझे भाऊ, सगळ्यांना

सप्रेम नमस्कार.

मी मंगळवार पेठेत राहते आणि लहान मुलांना रोलर स्केटिंग शिकवते. फुटबॉलमधलं मला खोलवर कळतं असं नाही. पण लग्न होऊन या गावात आले त्याला अठरा वर्षं झाली आणि अठराही हंगाम मी गॅलरीत बसून पाहिलेत. सासरे, दीर, नवरा, सगळे एकाच तालमीचे. कुठल्या ते लिहीत नाही, कारण हे पत्र सगळ्याच तालमींना आहे.

गेल्या हंगामात आमचा एक सामना टायब्रेकरवर गेला. आमच्याकडून शेवटची किक मारायला मणिपूरहून आलेला एक मुलगा पुढं झाला. बावीस-तेवीस वर्षांचा असेल. सामनाभर मधल्या फळीत तोच धावत होता, एकदा तर गोललाइनवरून चेंडू त्यानंच काढला होता. त्याची किक बारला लागून वर गेली आणि सामना गेला. मागच्या पायऱ्यांवरून कुणीतरी ओरडलं, "भाड्याचा!" दुसऱ्यानं उचललं, तिसऱ्यानं उचललं, आणि बघता बघता अख्खी गॅलरी टाळ्यांच्या ठेक्यावर तोच एक शब्द म्हणायला लागली. तो मुलगा पेनल्टीच्या ठिपक्याजवळ बसून बुटाची लेस सोडत होता. मराठी त्याला येत नव्हतं, पण शब्द आपल्यासाठी आहे एवढं त्याला कळलं होतं. त्यानं एकदाही वर पाहिलं नाही.

तेवढ्यावर मला पत्र लिहावंसं वाटलं नसतं. गॅलरीतली शिवी मैदानातच विरते असं मीही मानत आलेय. पण त्या ठेक्यात एक कोवळा आवाज माझ्या शेजारून येत होता. वळून पाहिलं तर माझा अकरा वर्षांचा मुलगा पायरीवर उभा राहून ओरडत होता.

घरी जाताना मिरजकर तिकटीपर्यंत मी काही बोलले नाही. मग विचारलं, "तू त्याला काय म्हणालास ते कळतं का तुला?"

"पण आई, तो आपला नाहीच. पैसे घेऊन आलाय."

"आणि मी?"

त्याला माझा प्रश्नच कळला नाही. त्याच्या लेखी आई कोल्हापूरची. पण मी निपाणीची. घरात मराठी, शाळेत मराठी, आणि शाळेत असताना स्केटिंगच्या स्पर्धांना गेले ती छातीवर कर्नाटक लावून. आपण नक्की कुणाचे, हा प्रश्न सीमाभागातल्या माणसाला लहानपणापासून चिकटलेला असतो. लग्नानंतर इथल्या मुलांना शिकवायला लागले. काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेत माझ्या विद्यार्थिनीचा पहिला नंबर आला, तेव्हा तिथल्या एका संयोजकांनी माझ्यादेखत तिच्या आईला विचारलं, "कोल्हापुरात कोच मिळेनात का, कर्नाटकातनं आणलाय ते?" तोवर या गावच्या पोरांचे फुटलेले गुडघे पुसण्यात माझी बारा वर्षं गेली होती. ते वाक्य मला अजून पाठ आहे. ज्यांनी उच्चारलं ते तिथल्या तिथं विसरले असतील.

त्या रात्री मुलाला शेजारी बसवलं आणि मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. जानेवारी २०२४, लिथुआनियातलं कौनास शहर, युरोपियन फिगर स्केटिंग चॅम्पियनशिप. आइस डान्समध्ये ॲलिसन रीड आणि साउलियुस अम्ब्रुलेविचियुस ही लिथुआनियाची जोडी तिसरी आली आणि घरच्या प्रेक्षकांसमोर तिनं कांस्यपदक घेतलं. मुलाला विचारलं, "ही कुठली असेल?" तो म्हणाला, "लिथुआनियाची. जर्सीवर लिहिलंय की." मग त्याला तिची सगळी गोष्ट सांगितली. तीच आता तुम्हाला सांगते, कारण मला तुमच्याकडून जे हवं आहे ते त्या गोष्टीतून सांगणं सोपं जाईल.

आधी खेळ समजून घ्या. आइस डान्स म्हणजे फिगर स्केटिंगमधला जोडीनं करायचा एक प्रकार, एक बाई आणि एक पुरुष. १९७६ पासून हिवाळी ऑलिंपिकमध्ये आहे. यात हवेत तीन-चार फिरक्यांच्या उड्या नसतात, जोडीदारणीला हात पूर्ण ताणून डोक्यावर धरणं नसतं, फेकणं नसतं. साधी लिफ्ट सात सेकंदांत खाली आली पाहिजे, नाहीतर गुण कापतात. बघणाऱ्याला वाटतं, मग यात अवघड ते काय? अवघड ते सगळं पायाखाली असतं. स्केटच्या पात्याला आतली आणि बाहेरची अशा दोन धारा असतात आणि प्रत्येक वळण कुठल्या धारेवर घेतलं हे पंच व्हिडिओ थांबवून थांबवून तपासतात. ट्विझल नावाच्या प्रकारात दोघं एका पायावर गरगर फिरत पुढं सरकतात, शेजारी शेजारी, आणि दोघांमधलं अंतर वाढूही द्यायचं नाही, कमीही होऊ द्यायचं नाही. ते इतके जवळून खेळतात की आइस डान्सच्या पात्याची मागची शेपटी मुद्दाम आखूड ठेवलेली असते, म्हणजे एकाचं पातं दुसऱ्याच्या पात्यात अडकत नाही.

मी चाकांवर शिकवते, बर्फावर कधी पाऊल ठेवलेलं नाही. पण हा खेळ मला पहिल्यांदा पाहताच ओळखीचा वाटला, कारण मी फुगडी घातलेली आहे. पंचमीला निपाणीत आम्ही तासन् तास घालायचो. फुगडीत दोघींनी मागे झुकायचं असतं. एकीनं अंग राखलं, पूर्ण भार सोडला नाही, की दोघीही धाडकन आपटतात. आइस डान्समध्येही तेच, फक्त वेग कितीतरी पट आणि पायाखाली धार.

असा भार सोडता येईल असा जोडीदार मिळणं हेच या खेळातलं सगळ्यात मोठं संकट. जगभर या खेळात मुली भरपूर आणि मुलगे मोजके. माझ्याच वर्गात सव्वीस मुली आणि पाच मुलगे आहेत, तेव्हा मला याचं नवल वाटत नाही. चांगली तयारी झालेल्या मुलीला उंची, वय, वेग, स्वभाव जुळणारा जोडीदार स्वतःच्या देशात मिळतोच असं नाही. तो सापडतो भलत्याच देशात. मग दोघांपैकी एकाला आपला झेंडा सोडावा लागतो. परदेशाकडून खेळणारे आइस डान्सर इतके का दिसतात याचं कारण बहुतेक वेळा हे असतं. त्यात पैशांची थैली क्वचितच असते. उलट सराव, कोच, पोशाख, प्रवास यांचा खर्च बऱ्याचदा घरचेच उचलतात.

आता ॲलिसन. जन्म अमेरिकेतला, १९९४ चा. वडील अमेरिकन, आई जपानी, बालपण न्यू जर्सीत. थोरली बहीण कॅथी आणि भाऊ ख्रिस हे दोघं मिळून आइस डान्स करायचे आणि आईच्या देशाकडून, जपानकडून खेळायचे. धाकटीला जोडीदार मिळाला तो जॉर्जियाचा, ओतार जापारिद्झे. जॉर्जियानं तिला नागरिकत्व दिलं आणि २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये ती बर्फावर उतरली तेव्हा पंधरा वर्षांची होती. एका घरातली तीन भावंडं, एकच ऑलिंपिक, एकच खेळ, आणि दोन वेगळे झेंडे. कॅथी-ख्रिस सतरावे आले, ॲलिसनची जोडी बावीसावी. त्या घरात त्या रात्री कुणी कुणाला परकं म्हटलं असेल का? मला हा प्रश्न आजही सोडत नाही. एकाच आईची लेकरं होती ती.

जॉर्जियातली जोडी फुटली. मग इस्रायलकडून वासिली रोगोव्हबरोबर काही वर्षं. तीही जोडी टिकली नाही. २०१७ मध्ये साउलियुस भेटला आणि ती लिथुआनियाची झाली. तिसरा झेंडा, तिसरं राष्ट्रगीत. तोवर ती तेवीस वर्षांची झाली होती. आपल्याकडे एखाद्या पोरानं तीन तालमी बदलल्या तर त्याला काय काय नावं ठेवतो ते आठवा. पण जोडीदार सुटला की बाईनं करायचं काय? खेळ सोडायचा?

झेंडा बदलणं हे सकाळी उठून अंगातला शर्ट बदलण्यासारखं नसतं, हेही सांगते. जुन्या देशाच्या संघटनेचं सोडपत्र लागतं. मध्ये ठरावीक काळ थांबावं लागतं, त्या काळात आंतरराष्ट्रीय स्पर्धा नाही. ऐन उमेदीतलं वर्ष नुसतं सरावात घालवणं म्हणजे काय ते कुठल्याही पैलवानाला विचारा.

आणि आता या गोष्टीतली गाठ. जागतिक आणि युरोपियन स्पर्धांत जोडीतला एकजण त्या देशाचा नागरिक असला तरी चालतं. ऑलिंपिकला चालत नाही, तिथं दोघंही नागरिक हवेत. म्हणजे लिथुआनियाची जर्सी घालून ॲलिसन युरोपभर खेळू शकत होती, लिथुआनियासाठी गुण मिळवू शकत होती, ऑलिंपिकची जागासुद्धा मिळवून देऊ शकत होती. तसंच झालं. २०२१ च्या जागतिक स्पर्धेत तिनं आणि साउलियुसनं लिथुआनियाला बीजिंग ऑलिंपिकची एक जागा मिळवून दिली. नागरिकत्व काही तिला मिळालं नाही. २०२२ ला बीजिंगला त्या जागेवर दुसरी लिथुआनियन जोडी गेली. पाच हंगाम ज्या झेंड्यासाठी घाम गाळला, त्या झेंड्यामागून चालायची वेळ आली तेव्हा तिला घरी थांबवलं.

याला मी अर्धं दत्तक म्हणते. नाव लावायचं, काम करून घ्यायचं, आणि वाटणीची वेळ आली की म्हणायचं, तू काही पोटची नाहीस.

त्याआधीच्या दोन वर्षांत तिच्या घरावर काय कोसळलं होतं तेही सांगायला हवं. भाऊ ख्रिस जपानकडून तीन ऑलिंपिक खेळला. कॅथीनंतर काना मुरामोतोबरोबर त्यानं २०१८ च्या फोर कॉन्टिनेंट्स स्पर्धेत, म्हणजे युरोपबाहेरच्या देशांच्या स्पर्धेत, जपानला कांस्य मिळवून दिलं. त्या दर्जाच्या स्पर्धेत आइस डान्सचं पदक तोवर आशियातल्या कुठल्याच देशाला मिळालं नव्हतं. अमेरिकेत जन्मलेल्या मुलानं ते जपानसाठी आणलं. मार्च २०२० मध्ये हृदय बंद पडून तो गेला, वयाच्या तिसाव्या वर्षी. ॲलिसन त्यानंतरही बर्फावर येत राहिली. कौनासचा व्हिडिओ पाहताना मला तिच्या पायांपेक्षा शेवटची पोझ संपल्यावरचा तिचा चेहरा जास्त आठवतो. सगळं सभागृह उभं होतं. त्या प्रेक्षकांपैकी कुणालाच तिचा पासपोर्ट बघायचा नव्हता.

पुढं लिथुआनियानं तिला नागरिकत्व दिलं आणि २०२६ च्या मिलान ऑलिंपिकला ती लिथुआनियाची म्हणून खेळली. व्हँकुव्हरनंतर सोळा वर्षांनी. पंधरा वर्षांची पोर गेली होती, एकतिशीतली बाई परत आली.

लिथुआनिया दुष्ट आहे असं मला म्हणायचं नाही. त्या देशाची लोकसंख्या आपल्या एकट्या कोल्हापूर जिल्ह्यापेक्षा कमी. सोव्हिएत सत्तेतून बाहेर पडून १९९० ला पुन्हा उभा राहिलेला देश, नागरिकत्व जपून वाटणारच. शिवाय त्यांना एक कडू अनुभव आहे. मार्गारिता द्रोब्याझ्को ही रशियात जन्मलेली आइस डान्सर. पोविलास वानागासबरोबर ती लिथुआनियाकडून पाच ऑलिंपिक खेळली, २००० साली जागतिक कांस्य आणलं, आणि देशानं तिला खास बाब म्हणून नागरिकत्व दिलं होतं. युक्रेनवर रशियाचं आक्रमण चालू असताना तिनं रशियात सोचीला जाऊन आइस शोमध्ये भाग घेतला, आणि २०२३ मध्ये लिथुआनियाच्या राष्ट्राध्यक्षांनी तिचं नागरिकत्व काढून घेतलं. यावर मी खूप विचार केला. जिला घरात घेतलं तिनंही घराचं दुखणं आपलं मानायला हवं, हे मला पटतं. सासरचं घर जळत असताना माहेरच्या अंगणात नाचायला जाऊ नये. पण पोटच्या मुलीला कुणी असं नागरिकत्वातून काढत नाही, हेही खरं. दत्तक आलेल्याच्या डोक्यावर ही टांगती तलवार कायम असते. म्हणूनच तो इतरांपेक्षा जास्त धावतो. तुम्ही आपल्या बाहेरच्या खेळाडूंकडे कधी नीट पाहिलंय का? सामन्यात सगळ्यात जास्त पळतो तो बहुतेक वेळा तोच असतो.

पूर्ण दत्तक घेतल्याचीही उदाहरणं आहेत. टॅनिथ बेल्बिन ही कॅनडात जन्मलेली मुलगी, जोडीदार बेन अगोस्टो अमेरिकन. नागरिकत्वाअभावी २००२ च्या ऑलिंपिकला तिला मुकावं लागलं. २००५ च्या अखेरीस अमेरिकेच्या संसदेनं कायद्यात तरतूद केली, वर्षाच्या शेवटच्या दिवशी ती नागरिक झाली आणि दोनच महिन्यांत तुरिन ऑलिंपिकला अमेरिकेसाठी रौप्यपदक घेऊन उभी राहिली. आइस डान्समध्ये त्या देशाला तीस वर्षांनी मिळालेलं पदक होतं ते. टिम कोलेटो अमेरिकेत जन्मला, दक्षिण कोरिया आणि नॉर्वेकडून खेळून झाल्यावर मिसातो कोमात्सुबाराबरोबर जपानकडून उतरला, जपानी नागरिक झाला, जपानी नाव घेतलं. बीजिंगला जपानच्या संघाला कांस्य होतं, रशियाच्या एका खेळाडूच्या उत्तेजक प्रकरणाच्या निकालानंतर त्याचं रौप्य झालं आणि ते त्यांना ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला आयफेल टॉवरखाली देण्यात आलं. आपण आपल्या राधानगरीच्या स्वप्नील कुसाळेच्या कांस्यपदकाचे फटाके वाजवत होतो, तेच दिवस.

आपल्या देशाचा कायदा याबाबतीत कडक आहे. दुहेरी नागरिकत्व नाही आणि भारताच्या संघात खेळायचं तर भारतीय पासपोर्टच हवा. अमेरिकेत जन्मलेली तारा प्रसाद फिगर स्केटिंगमध्ये भारताकडून खेळते, ती भारताचं नागरिकत्व घेऊनच. तो मोठा विषय आहे, दिल्लीचा आहे, त्यात मी शिरत नाही. मला तालमीतलं बोलायचंय.

कारण हे गाव कुणी उभं केलं? १७ मार्च १८८४ ला कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव नावाचा मुलगा या गादीवर दत्तक आला आणि शाहू झाला. त्यांना आजवर कुणी 'कागलचे' म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. त्याच दत्तक मुलानं पंजाबचे पैलवान इथं आणले, त्यांना पगार दिला, खुराक दिला, आणि १९१२ ला खासबागचं कुस्ती मैदान उभं राहिलं. ते पैलवानही पैसे घेतच होते. पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे एकसंब्याचे, म्हणजे आज कर्नाटकात असलेल्या गावचे, आमच्या निपाणीच्या बाजूचे. गणपतराव आंदळकर सांगली जिल्ह्यातल्या पुनवतचे. खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे, पण १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. खाशाबा तेव्हा पदक घेऊन आले नव्हते. पदक आणतील की नाही हेही ठाऊक नव्हतं. खर्डेकरांनी आधीच आपलं मानलं होतं.

तुमच्यातल्या काहींचं म्हणणं मला माहीत आहे. बाहेरचे खेळाडू आले की पेठेतल्या पोरांची जागा जाते. हे म्हणणं खोटं नाही. माझ्या दिराचा मुलगा दोन हंगाम राखीव बाकावर बसून होता, त्याच्या आईचं रडणं मी पाहिलंय. बाहेरचे किती घ्यायचे, किती घ्यायचे नाहीत, यावर भांडा. सभा घ्या, नियम करा, एकही घ्यायचा नाही असं ठरवलंत तरी माझी हरकत नाही. पण ते सगळं नोंदणीच्या टेबलावर ठरवा. एकदा अर्जावर सही झाली, तालमीचा रंग त्याच्या अंगावर चढला, की त्यानंतर तो अर्धा आपला आणि अर्धा भाड्याचा असू शकत नाही. गोल मारला की खांद्यावर आणि किक हुकली की भाड्याचा, हे चालणार नाही. फुगडीत भार सोडायचा तर दोघांनी सोडायचा.

म्हणून माझं मागणं आहे. हंगामाच्या सुरुवातीला तालमीच्या भिंतीवर खेळाडूंच्या नावांचा फलक लागतो, त्यावर बाहेरून आलेल्यांची नावं वेगळ्या रकान्यात 'पाहुणे खेळाडू' म्हणून लिहू नका, सगळ्यांच्या ओळीत लिहा. त्यांच्या नावाचा उच्चार आधी त्यांना विचारून घ्या. गेल्या वर्षी लाउडस्पीकरवरून त्या मणिपूरच्या मुलाचं नाव प्रत्येक सामन्याला निराळं ऐकलं मी. हे पोरगे शहराच्या कडेला एका खोलीत चौघे राहतात, बहुतेकांना सणासुदीला कुठं जायचं ते माहीत नसतं. तालमीची गणपतीची मिरवणूक असते तेव्हा त्यांच्या हातात ताशा द्या. दुखापत झाली तर औषधाचा खर्च कोण करणार हे आधी कागदावर लिहा, नंतर कुजबुज नको. आणि पुढच्या हंगामाला तो दुसऱ्या तालमीत गेला तर जाऊ द्या. ॲलिसन तीन झेंड्यांखाली खेळली, तिन्ही वेळा पूर्ण भार सोडून खेळली. निघताना त्याला नारळ-फेटा देऊन पाठवा. जो निघाला तो गद्दार, ही आपली सवय मला या गावातली सगळ्यात वाईट सवय वाटते, आणि मी या गावावर जीव टाकते म्हणून एवढं स्पष्ट लिहितेय.

गॅलरीतल्या भावांना वेगळं सांगायचंय. तुमचा आवाज हा या गावच्या फुटबॉलचा अर्धा जीव आहे. तुमच्याइतका आवाज मी कुठल्या टीव्हीवरच्या सामन्यातही ऐकला नाही. पण तुमच्या शेजारी पायरीवर अकरा वर्षांची पोरं उभी असतात आणि तुम्ही जे म्हणाल ते दुसऱ्या ठेक्याला म्हणतात. त्या दिवशी माझा मुलगा तो शब्द तुमच्याकडून शिकला. मी त्याला दोष दिला नाही. तुम्हालाही घरून कुणी सांगितलं नसेल. आता मी सांगतेय.

मुलानं त्या रात्री कौनासचा व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. दुसऱ्यांदा पाहताना म्हणाला, "आई, मग त्या दादाला सॉरी म्हणायला पाहिजे." तो मुलगा तोवर गावी परतला होता. या हंगामात तो परत येणार असं कळलंय, आमच्याच तालमीत की दुसऱ्या, ते ठरलेलं नाही.

तो कुठल्याही तालमीत आला तरी, आणि त्याच्यासारखा दुसरा कुणी आला तरी, आमच्या घरी दर रविवारी दुपारी एक ताट जास्त वाढलेलं असेल. तांबडा-पांढरा असतो. न खाणाऱ्यांसाठी आमटी-भात. तालमीनं फक्त शनिवारी संध्याकाळपर्यंत निरोप द्यावा, म्हणजे रस्सा किती टाकायचा ते कळेल.

आपली,
स्केटिंग शिकवणारी एक आई
मंगळवार पेठ, कोल्हापूर